भोपळ्याला लावलेले पंख

आसेगाव, ता. मंगरूळपीर, जि. अकोला
सोमवार, ता. १२ नोव्हेंबर १९५६

तीन वर्षांत तुले आजी आठवली नाही. वेळूले घुण लागला तेव्हा आठवली. म्हणजे माझ्यापेक्षा त्या किड्याचा मान तुझ्याजवळ मोठा.

इंद्रभान, आशीर्वाद शेवटी लिहीन, उरला तं.

तुझं पत्र शनिवारी भेटलं. चार पानं. मी तिसरी शिकलेली बाई, तरी दोनदा बसून माझं मीच वाचलं. दुसऱ्याकडून वाचून घेण्यासारखं तुझं नाव या गावात तू ठेवलं नाही. चार पानांत काय आहे? तू जबलपुरात बिनतारीच्या कारखान्यात आहे. तिथं तू बिनइंजिनाचं विमान बनवून राह्यला. त्यात माणूस बसत नाही, पण पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत नऊ हात. पोटात बिनतारीचं खोकं. तू खाली मैदानात उभा राहून बटण दाबणार अन् वर त्याची शेपटी वळणार. एकदा दाबलं तं डावीकडे, पुन्हा दाबलं तं उजवीकडे. फेब्रुवारीच्या चोवीस तारखेले मोठा साहेब पाहायले येणार. उडलं तं तुले असल्याच कामावर कायम ठेवणार, पडलं तं पुन्हा तारा जोडायले बसवणार.

समजलं मले. दूर उभं राहून दुसऱ्याची शेपटी हलवायची. हे काम तुले जमेल.

चार पानांत घरासाठी एक ओळ नाही. अंगावरची हळद वाळली नव्हती तेव्हा नवरदेव घरातून निघून गेला, अन् तीन वर्षांनी लिहिते काय, तं 'आजी, वेळू ठिसूळ निघाला.'

ठिसूळ नाही निघाला. चांदण्या पाखात तोडलेला वेळू तू बाजारातून उचलून आणला. वेळू अंधाऱ्या पाखात तोडला तं घुण लागत नाही, हे आसेगावच्या बकऱ्यायले पण माहीत आहे. तुझ्या कारखान्यात एवढी शिकलेली माणसं, एकानंही कधी वर चंद्राकडे पाह्यलं नाही?

खेमा बुरडाकडून पंख करून पाठव, असं लिहिलं. खेमाले तुझा नकाशा दाखवला. उलटा धरून लय वेळ पाहत राह्यला. मंग म्हणे, "बुढे, यातून धान्य कुठून पडते?"

पंख होतील. पण साडेचार साडेचार हातांचे दोन पंख पोस्टाच्या थैलीत मावत नाहीत, अन् मी ते डोक्यावर घेऊन वाशीमच्या टेशनावर येणार नाही. न्यायले तू येजो. आत्ताच सांगून ठेवते, मंग म्हणशील सांगतलं नाही.

या महिन्यापासून आपण मुंबई राज्यात गेलो म्हणतात. तुझं जबलपूर तिकडंच राह्यलं. तू आधीच परका झाला होता, आता सरकारनं शिक्का मारला.

आशीर्वाद उरला नाही.

तुळसाबाई


आसेगाव
गुरुवार, ता. २९ नोव्हेंबर १९५६

सातवी फासळी सहावीपेक्षा मोठी कशी काय, हे आधी सांग.

पंख खांद्याजवळ रुंद अन् टोकाकडे निमुळता, हे तूच लिहिलं. आत एकोणीस फासळ्या, एकीपेक्षा दुसरी लहान, हे पण तूच लिहिलं. मंग मधात सातवी कायले फुगली? तिचं पोट खराब होतं काय? खेमानं तुझ्या आकड्याबरहुकूम एकोणीस फासळ्या तासल्या, कण्यावर लावल्या, तं पंखाले मधातच आवाळू. त्याले वाटलं, असंच पाहिजे असेल, शहरातलं काम आहे. मले पण वाटलं असतं. घरात एक हात आहे, त्या हातानं ओळखलं. तुझा नकाशा चुन्यानं ओसरीच्या जमिनीवर उतरवला, जेवढ्यास तेवढा, अन् पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत दोरी धरली. सातवी फासळी दोरीच्या बाहेर. तू सहाचा आकडा आठासारखा काढते. शाळेत पण तसाच काढत होता, मास्तर हातावर छडी मारत होता. कमी मारली.

वेळू तुझ्या मावशीच्या मळ्यातून आणला. पुनवेनंतर दुसऱ्या दिवशी तोडला, सावलीत उभा करून वाळवला. खेमानं चिरला तेव्हा कागदासारखी कांब निघाली. तो म्हणे, असा वेळू मी सुपासाठी नाही वापरत, लेकीच्या रुखवताच्या परडीसाठी ठेवतो. मी म्हणलं, ठेव मंग, याले कुठं कळते.

वजन सव्वा शेराच्या वर जाऊ नये म्हणून तू तीन ठिकाणी लिहिलं. एकदा लिहिलं असतं तरी चाललं असतं, मी बहिरी नाही. गुळाच्या तराजूत तोलून पाह्यलं, सांगाडा पाऊण शेर भरला. कापडासाठी अर्धा शेर शिल्लक.

वरून फुगीर, खालून सपाट, असं काहून, ते मले तुझ्या दीड पानात समजलं नाही. पण सूप पाखडताना पाह्यलं. सुपाच्या पाठीवरून वारा लवकर पळते अन् फोल वर उचललं जाते. तू दीड पान लिहिलं तेवढ्यासाठी.

तुळसाबाई


आसेगाव
शुक्रवार, ता. २१ डिसेंबर १९५६

दोन्ही पंख डावे झाले.

हस, हस. पण आधी स्वतःवर हस. तू एकाच पंखाचा नकाशा पाठवला अन् खाली लिहिलं, 'असेच दोन.' खेमा सुपं करते. त्याच्या बापानं सुपं केली, आज्यानं केली. सुपाले डावं-उजवं नसते. एक पाह्यलं की शंभर तशीच. त्यानं असेच दोन केले, अगदी असेच. एकाचं टोक वर उचललेलं, दुसऱ्याचं पण तसंच. दुसरा उजवीकडे लावायचा म्हणून फिरवला तं जाड कड मागं जाते. जाड कड पुढं आणावी तं फुगीर पाठ जमिनीकडे. खेमा अर्धा दिवस ओसरीवर त्या पंखाभोवती फिरला. मंग म्हणे, "बुढे, तुह्या नातवाचं विमान गोल गोल फिरत असेल."

ज्या हातानं सातवी फासळी धरली त्यानंच हे धरलं. तिनं एवढंच म्हणलं, "आजी, ही चोळी झाली, दोन्ही बाह्या डाव्या."

तू मागच्या पत्रात विचारलं, हात कोणाचा. तुले सांगायचं नव्हतं. पण आता एक वेळू वाया गेला, तिची मेहनत वाढली, अन् फुकट काम घेऊन नाव लपवायची सवय मले नाही. ती सोजर आहे.

हो, तीच. दुसरी कोणती सोजर तुले माहीत आहे?

तू गेल्यावर जगदेवनं तिले दोन वर्षं इंझोरीले आपल्याजवळ ठेवलं. जगदेव माझ्या भावाचा पोरगा, तुझा होणारा सासरा, विसरला असशील म्हणून लिहिते. दोन वर्षांत तीन ठिकाणची माणसं आली. चहा पिली, पोरगी पाह्यली, अन् गावात कोणालेतरी विचारलं, की आधीचा नवरदेव हळदीतून काहून पळाला. तिन्ही वेळा माणसं परत फिरली. मंग मागच्या वर्षीच्या दिवाळीत जगदेव तिले अन् तिची पेटी घेऊन आला अन् माझ्या ओसरीवर ठेवून गेला. "आत्या, तुमच्या दारची हळद आहे, तुमीच संभाळा." पाणी पण पिला नाही. तेव्हापासून ती इथं आहे. भाकरी करते, शेण काढते, मले बोलून घेते. तुझं नाव एकदा काढलं नाही.

तुझं पत्र मी उतरंडीच्या मडक्याखाली ठेवलं होतं. तिनं काढून वाचलं. चौथी शिकलेली आहे, माझ्यापेक्षा एक जास्त, अन् ते मले विसरू देत नाही. मी म्हणलं, अवं, हे कोणाचं काम आहे माहीत आहे नं तुले? ती म्हणे, "पंखाले काय माहीत थो कोणाचा आहे."

तिसरा पंख उजवा झाला. आता एक डावा जास्तीचा आहे, त्यावर मी मिरच्या वाळवते.

कापड लावायचं काम मी हाती घेतलं, ते फसलं. लपवत नाही. ज्वारीच्या पिठाची खळ केली, मलमल भिजवून सांगाड्यावर ताणली, अंगणात ठेवली. दवानं सकाळी ढिली पडली, दुपारच्या उन्हानं एका अंगानं ताणली, अन् पंख पापडासारखा पिळला गेला. खळीचा वास लागला, उंदरांनी कोपरा खाल्ला. सोजरनं नुसतं पाह्यलं. त्यापेक्षा बोलली असती तं बरं होतं.

बिनतारीच्या खोक्याचं वजन लिहून पाठव. नुसतं वजन, दीड पान नको.

तुळसाबाई


आसेगाव
रविवार, ता. १३ जानेवारी १९५७

'सोजरीला माझा नमस्कार सांग.' एवढी एक ओळ लिहायले तुले एक पोस्टकार्ड लागलं. मी नमस्कार पोहोचवत नाही. मी पोस्टमन नाही.

उद्या संक्रांत आहे. तिळगूळ घे गोड बोल म्हणणारी बाई दुसरी पाह्य, मी कामाचं लिहिते.

मलमल फेकून दिली. सोजरनं आपल्या पेटीतून अष्टपुत्री काढली. हळदीच्या दिवशी नेसवली होती ती. पातळ कापड, पिवळं पडलेलं. कैची घेऊन ओसरीवर बसली. मी हात धरला. म्हणलं, हे कायले कापतं? तं म्हणे, "कापडच आहे. पातळ आहे. पेटीत किडी लागून राह्यल्या." अन् कापलं. मी सत्तरीची बाई, मोठी जबानीची, पण त्या दिवशी मी खाली बसून तिले कापडाचं दुसरं टोक धरून दिलं. कोणाले सांगू नको.

कापड सांगाड्यावर ताणून शिवलं अन् पंख दाराच्या फळीवर पालथा ठेवला. गोधड्या दाबायचे दगड असतात नं आपल्याकडे, ते काठाकाठानं मांडले. वरून जवसाचं तेल उकळून पुसलं, एक हात, वाळलं की दुसरा. आठ दिवस दगड हलवू दिले नाहीत. आता दवानं ढिला पडत नाही, उन्हानं पिळत नाही, उंदीर तोंड लावत नाही. तुझ्या कारखान्यात दगड आहेत काय?

मंग उडवून पाह्यलं. तुझ्याशिवाय. तुझ्या विमानाचं धड तिकडे, मंग इकडे धड कशाचं? दुधी भोपळा घेतला, लांबट. तू लिहिलं तेवढं खोक्याचं वजन तोलून त्यात ज्वारी भरली. मागं तुराटीची शेपटी. दोन्ही पंख भोपळ्याले बांधले. ज्वारीच्या खळ्यावर उपणायची तिवई होती, वारा पण उपणायचाच होता, संथ, एका बाजूनं. खेमानं तिवईवर चढून भोपळा सोडला. अर्धं गाव पाहायले. पोट्टे ओरडत होते, बुढीचा भोपळा लग्नाले चालला.

पह्यल्यांदा पाच-सहा कदम गेला, डावं टोक खाली केलं अन् गरकन फिरून कडब्यात घुसला. लोक हसले. सोजर कडब्यात गेली, भोपळा उचलून आणला, पंखाची टोकं डोळ्यासमोर धरली. मागच्या कडेले टोकापाशी वाफ देऊन दोन्हीकडे बोटभर वर वाकवली. सुपाचं तोंड सरळ असलं की धान्य सांडते, थोडं वर असलं की थांबते, असं काहीतरी म्हणाली. दुसऱ्यांदा सोडला.

इंद्रभान, तो गेला. खळं ओलांडलं, तुरीवरून गेला, नाला ओलांडला, अन् पलीकडच्या गाडरस्त्यावर टेकला. पाण्यावर पान टेकते तसा. भोपळा फुटला पण नाही. लोक हसायचे थांबले. मी लुगडं सावरत त्याच्यामागं नाल्यापर्यंत पळाली, हे खेमाले विचार.

टेकला तो एका गाडीच्या बैलासमोर. बैल बुजले. गाडीवाला वाशीमकडच्या मालेगावचा शेतकरी, सरकी घेऊन चालला होता. शिव्या देत पंख घेऊन आला, कोणाचं आहे हे? लोकांनी सोजरकडे बोट दाखवलं. त्यानं पंख उलटा केला, सुलटा केला, टाके पाह्यले. तिच्या हातचं पाणी पिला. आठव्या दिवशी निरोप पाठवला. त्याचा धाकटा भाऊ आहे, पंचवीस वर्षांचा, दहा एकर शेती, नाद कशाचा नाही. पोरगी पसंत.

पण एक. त्यांनी पण विचारलं. आधीचा हळदीतून काहून गेला? पोरीत काही खोट होती काय? म्हणे, दुसऱ्या कोणाचं आमी ऐकणार नाही. ज्यानं सोडलं त्यानं आपल्या तोंडानं सांगावं. माघी पुनवेपर्यंत वाट पाह्यतो, मंग दुसरीकडे बघू.

जगदेव येऊन गेला. या वेळी पाणी पिला. तीन माणसं गेली, ही चौथी आहे, सोजर चोवीसची झाली, पुढं कोणी येणार नाही, एवढं सांगून गेला. मी मान हलवली.

माघी पुनव चौदा फेब्रुवारीले आहे. तुझं विमान चोवीसले. येजो, सांगजो, पंख घेऊन जाजो. येऊन-जाऊन आठ दिवसांचं काम आहे.

खोट होती ही गोष्ट गावात कोणी काढली, ते मले विचारू नको.

तुळसाबाई


आसेगाव
सोमवार, ता. ४ फेब्रुवारी १९५७

तुझा कारखान्यातला सोबती मदनसिंग आला. पोरगा चांगला आहे, तुझ्यापेक्षा चांगला, त्याले माणसाच्या तोंडाकडे पाहून बोलता येते. त्यानं तुझी चिठ्ठी दिली. 'रजा नाही. दोन्ही पंख मदनसिंगाच्या हाती दे. मालेगावच्यांसाठी वेगळा कागद लिहून दिला आहे, तो वाचून दाखव.'

वाचून दाखवला. जगदेवनं मालेगावले नेऊन दाखवला. ते म्हणे, कागद तं कोणाकडूनही लिहून घेता येते. खरं आहे. तुझे बटण दाबायचे खेळ मालेगावात चालत नाहीत.

रजेचं मदनसिंगाले विचारलं. त्याले खोटं बोलता येत नाही, खाली पाह्यलं. म्हणे, "आजी, साहेब तं म्हणत होते, जा. थोच नाही म्हणाला. म्हणे, गावात तोंड कसं दाखवू."

मले वाटलंच होतं.

आता मागचं ऐक. विचारू नको म्हणलं होतं, पण सांगतल्याशिवाय तू येणार नाही. तुझं लग्न ठरवलं तेव्हा तू मले महिनाभर आधी सांगतलं होतं. आजी, मले आत्ता लग्न नको, जबलपूरचं पत्र येणार आहे. विहिरीजवळ सांगतलं. मी म्हणलं, पोट्टे असंच म्हणतात, अन् हळद लावली. कोणाले बोलली नाही. तू गेला तेव्हा लोक दारात उभे होते अन् मले तोंड दाखवायचं होतं. कोणीतरी विचारलं, काय झालं? मी म्हणलं, "त्याले पोरीबद्दल कोणी काही सांगतलं असेल." एवढंच. आठ शब्द पण नसतील. तीन वर्षं त्या शब्दांनीच त्या पोरीचं घर राखलं, कोणाले आत येऊ दिलं नाही. अन् ती चौदा महिन्यांपासून माझ्या भाकरी थापून राह्यली.

तुझी बदनामी नको म्हणून बोलली, असं मी मले सांगत होती. ते पण खोटं. माझं नाक होतं.

परवा बाजाराच्या दिवशी मारुतीच्या ओट्यावर जाऊन उभी राह्यली. जगदेव होता, खेमा होता, मालेगावची दोन माणसं बोलावून घेतली होती, बाकी बाजार होताच. सगळं सांगतलं. थुंकलेलं चाटायले सत्तरीत जड जाते, दात नसतात. लोकांनी ऐकून घेतलं. मालेगावचा म्हणे, "बुढे, तुमचं अर्धं झालं. अर्धं त्याचं." शहाणा माणूस आहे.

माझं अर्धं झालं. म्हणून मदनसिंगाले मी अर्धं दिलं.

उजवा पंख त्याच्या हाती पाठवला आहे. गोधडीत गुंडाळून, दोन वेळूंच्या मधात बांधून. पिवळा आहे, ओळखशील. डावा इथं माझ्या ओसरीच्या आढ्याले टांगला आहे, चांगला डावा, मिरच्यांचा नाही. एका पंखानं तुझा साहेब काय पाह्यते ते पाह्य.

सोजर रागावली. पह्यल्यांदाच. तिनं दोन्ही पंख बांधून ठेवले होते, मी एक सोडून घेतला. म्हणे, "आजी, पंख अडवून माणूस आणायचा नसते. येत नसेल तं नको येऊ दे. काम केलं ते पुरं देऊन टाका." मी म्हणलं, तू गप. तुझं भलं मले समजते. तं म्हणे, "मागच्या वेळी पण तुमालेच समजत होतं."

मदनसिंग समोर होता. त्यानं ऐकलं, मी ऐकलं. मी पंख दिला नाही.

दोघी एकमेकींशी बोलत नाही आता. भाकर ताटात टाकते अन् निघून जाते. तिनं तुझ्यासाठी निरोप द्यायले नकार दिला, पण पंखाच्या गोधडीत एक चिठ्ठी घातली, ती मी काढून वाचली. त्यात लिहिलं आहे, डाव्या टोकाची कड अजून थोडी वर घ्यायची आहे, पण भोपळा अन् खोकं सारखं नाही, खोकं लावून पाह्यल्याशिवाय किती ते सांगता येत नाही, खोकं घेऊन यावं लागेल. एवढंच. नाव नाही, नमस्कार नाही. चिठ्ठी परत घातली आहे.

पुनवेले दहा दिवस आहेत. जबलपूरहून वाशीमले दोन दिवस, वाशीमहून मोटार. खोकं सोबत आणजो.

या पत्राले मले उत्तर लिहू नको, मी उघडणार नाही. मदनसिंगाले पाठवू नको, कागद पाठवू नको. मालेगावच्या माणसांनी जे विचारलं अन् सोजरच्या चिठ्ठीत जे 'किती' राह्यलं, दोन्हीचं उत्तर तू द्यायचं, आसेगावच्या ओट्यावर उभं राहून, तुझ्या तोंडानं.